घाणेरीचा भारा

पिंपरीजवळच्या माण गावातल्या आमच्या घराला चार खोल्या होत्या आणि त्यांतली सर्वांत मोठी गुरांची होती. मधे भिंत होती, पण ती छपरापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे आम्ही जेवायला बसलो की पलीकडून गुरांच्या रवंथाचा आवाज यायचा. ओल्या कापडाने पाटी पुसावी तसा मऊ आवाज. पाहुण्यांना तो ऐकू येत असे, आम्हाला नाही. एखादं जनावर रवंथ करायचं थांबलं तर मात्र आईचा घास हातातच राहायचा. ती म्हणायची, "हिरे, बघ गं, हौश्या गप का झाला." मी भाकरी ताटात ठेवून उठायची, भिंतीवरून डोकावून बघायची. बहुधा हौश्या नुसता झोपलेला असायचा.

घरात आम्ही पाच माणसं. आबा म्हणजे माझे वडील, आई, आबांचे धाकटे भाऊ तात्या, मी आणि माझा तीन वर्षांचा भाऊ. तात्यांचं लग्न व्हायचं होतं. पिंपरीला तेव्हा औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि तात्या तिथे कामाला जायचे. ते आठवड्यातून एकदा घरी येत आणि येताना तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानातून काहीतरी आणत. कधी पावाची लादी, कधी खारी, एकदा तर काचेच्या बरणीतलं लोणचं आणलं होतं. आईने ते चाखलं आणि यात तेलच नाही म्हणून हसली. आमचं जेवण साधं होतं. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, भाताची पेज आणि सणाला आंबेमोहोर. तो शिजायला लागला की वास चार घरं पुढे जाई आणि शेजारची काकू ओट्यावरूनच विचारी, आज कोण आलंय म्हणून.

त्या वर्षी भात झोडपून झाला आणि अवकाळी पाऊस पडला. रचायला ठेवलेला पेंढा भिजला, आतून काळा पडला. त्याला असा वास यायला लागला की गुरं तोंड लावून मान फिरवायची. शिमग्याच्या आधीच वैरणीची ओढ सुरू झाली. त्यातच हौश्याचा जोडीदार म्हातारा झाला होता, नांगराला जुंपला की गुडघे टेकायचा. आबा आणि तात्या त्याला विकायला चाकणच्या बाजाराला घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एक डांगी बैल घेऊन आले. घोड नदीकडच्या डोंगरातला होता. पांढऱ्या अंगावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी, आणि नाकपुडीसुद्धा अर्धी काळी, अर्धी गुलाबी. आबा सांगत होते की डांगी जनावर चिखलाला घाबरत नाही, आपल्या भातखाचरांना हाच बैल हवा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसलं की तो थकला होता आणि अंगणात आल्याआल्या त्याने आईच्या हातातल्या सुपाला जीभ लावली. त्याचं नाव कुणी ठेवलं नाही. डांगी म्हणता म्हणता तो डांग्या झाला.

नवं जनावर घरात आलं की भागूआत्याला बोलवायचं ही गावाची रीत होती. भागूआत्या आमच्या नात्यातली नव्हती, पण सगळ्या गावाची आत्या होती. नवरा गुरांचा जाणता होता. तो गेल्यावर त्याचं सगळं ज्ञान तिच्याकडे राहिलं. अडलेल्या गाईची सुटका करायची, फुगलेल्या बैलाचं पोट उतरवायचं, मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या बांधायच्या, ही कामं तिची. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका खोपटात ती एकटी राहत असे. उंच, काटक बाई. बोलायची कमी. डांग्याला तिने सगळीकडून चाचपलं, खूर उचलून पाहिले आणि चाल चालून आलेल्या जनावराला देतात तसा ओवा, सुंठ आणि गुळाचा काढा बांबूच्या नळीने पाजला. मग आईला म्हणाली, चार दिवस ह्याला हिरवं घाला, कोरडा पेंढा टाकू नका, आतड्याला ओढ बसलीया. तिने पाठ फिरवल्यावर डांग्याने तिच्या लुगड्याचा पदर चाटला.

हिरवं आणायचं काम माझं होतं. रोज दुपारी ओढ्याच्या काठाने जायचं, ओलीला वाढलेलं गवत विळ्याने कापायचं आणि भारा डोक्यावर घेऊन यायचं. त्या वर्षी मी सातवीला होते. सातवीच्या परीक्षेला आमच्याकडे फायनल म्हणत. आमच्या गावातून फायनलला बसणारी मी पहिलीच मुलगी होते आणि याचा मला फार गर्व होता हे आता कबूल करायला हरकत नाही. मास्तरांनी मला इतिहासाचं एक जुनं पुस्तक वाचायला दिलं होतं. मी ते ओच्यात खोवून ओढ्यावर न्यायची. एका मोठ्या करंजाखाली सावली असायची, पाण्याचा आवाज असायचा आणि मला हाक मारायला कुणी नसायचं. एक पान वाचून उठू असं म्हणायची आणि उन्हं उतरल्यावर भानावर यायची. तोवर गवत कापायला वेळ उरलेला नसायचा. गवतही फार नव्हतंच.

करंजापासून चार पावलांवर घाणेरीचं रान माजलं होतं. आमच्याकडे तिला टणटणीही म्हणतात. आधी ती आमच्या शिवारात नव्हती असं आबा सांगत. देहूरोडकडच्या कुठल्याशा लष्करी बंगल्याच्या कुंपणाला लावली होती, तिथून पाखरांनी बी आणलं. पिवळी-गुलाबी फुलं, खरखरीत पानं, हात लावला की उग्र वास. पण हिरवीगार. सगळं रान वाळलेलं असताना घाणेरी तेवढी हिरवी होती. तिची काळी पिकलेली फळं आम्ही पोरं खायचो, जीभ जांभळी करून घ्यायचो. त्यामुळे ती वाईट असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी तिचे कोवळे शेंडे सपासप कापले, तळाला घातले, वरून ओंजळ ओंजळ गवत पसरलं आणि भारा बांधला. घरी आल्यावर आईने नुसतं वरचं गवत पाहिलं आणि म्हणाली, आज बरं मिळालं. मी भारा तसाच गोठ्यात नेला.

आमच्या गावची गुरं घाणेरीला तोंड लावत नसत. हौश्याने हुंगून मान वळवली. पण डांग्या परक्या मुलखातला होता, भुकेला होता, त्याला तो वास ठाऊक नव्हता. त्याने ती खाल्ली. आणि त्याच्या शेजारी बांधलेली पवळी त्याचं बघून खाऊ लागली. पवळी आमची वर्षाची कालवड. ती आठवड्याची असतानाच तिची आई साप चावून गेली होती. म्हणून मीच तिला माझ्या हातची बोटं चोखायला देऊन पेजेवर वाढवली होती. अंगाने लालसर, तोंड तेवढं पांढरं. मी शाळेतून आले की दावं ताणून उभी राहायची. तिने घाणेरी खाल्ली तेव्हा मला बरंच वाटलं, भारा वाया गेला नाही म्हणून. सलग चार दिवस मी तेच केलं.

पाचव्या दिवशी डांग्याने गव्हाणीत तोंड घातलं नाही. पवळीनेही नाही. शेण टाकणं बंद झालं, मग टाकलं ते काळं, कोरडं. अंगणात बांधलं तर दोघं भिंतीच्या सावलीकडे ओढ घ्यायची, दावं गळ्यात रुतेपर्यंत. आबांना वाटलं, ऊन लागलं. आईने कांदा फोडून लावला. आठव्या दिवशी डांग्याच्या डोळ्यांचे कोपरे हळद लावल्यासारखे पिवळे झाले आणि नाकपुडीची कातडी तडकून तिला भेगा पडल्या. त्या रात्री जेवताना भिंतीपलीकडे आवाज नव्हता. नुसता हौश्याचा एकट्याचा. आई जेवलीच नाही.

भागूआत्याच्या काढ्याचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं ते मला सांगता येणार नाही. गावात अशी गोष्ट कुणा एकाच्या तोंडून निघत नाही. ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणी म्हणालं, बैल आला तेव्हा ठणठणीत होता. कुणी म्हणालं, मग त्याला कुणाचा हात लागला. मागच्या साली एका घरची म्हैस तिने सोडवली आणि पारडू मेलेलं निघालं, ते कुणाला आठवलं. दुसऱ्या कुणी सांगितलं की ती अमावास्येला पाला तोडते. तात्या पिंपरीहून आले आणि त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. चाकणहून तो बैल त्यांनी स्वतः चालवत आणला होता, त्यामुळे त्यांचा राग मोठा होता. भागूआत्या विचारपूस करायला आली तेव्हा तात्या दारात उभे राहिले आणि तिला म्हणाले, जनावराला शिवू नको, आलीस तशी जा. ती गेली. मी चुलीपाशी बसून हे ऐकलं.

त्याच दुपारी पवळी गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिने पाय ताणले, एकदा माझा हात चाटल्यासारखं केलं आणि थांबली. तिच्या पांढऱ्या तोंडाची कातडी भाजल्यासारखी सुटली होती, पण लालसर अंगाला काही झालं नव्हतं. मी रडत होते तरी ते माझ्या डोळ्यांना दिसलं. मग मी उठून डांग्याजवळ गेले. त्याच्या पाठीवर हात फिरवला. जिथे पांढरं होतं तिथे कातडी ताठ, कढत, भेगाळलेली. जिथे काळे डाग होते तिथे तुळतुळीत. अर्धी गुलाबी नाकपुडी सोललेली आणि काळी अर्धी जशीच्या तशी. काढ्याने असं कसं होईल, हे माझ्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ जे मनात आलं, ते मी दोन दिवस मनातच दाबून ठेवलं. कारण ते बोलायचं तर पुस्तकाचं सांगावं लागणार होतं. पुस्तकाचं कळलं तर शाळा सुटणार होती. तेव्हा मला पवळीपेक्षा, डांग्यापेक्षा आणि भागूआत्यापेक्षा माझी परीक्षा मोठी वाटली. आज ऐंशीच्या पुढच्या वयात हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे, पण ते खरं आहे.

दोन दिवसांनी मी पाणी आणायला ओढ्यावर गेले तर करंजाखाली भागूआत्या बसली होती. तिच्या हातात घाणेरीचा एक शेंडा होता. पुढे झुडपात विळ्याने कापलेली बुडखं दिसत होती, पांढरी, ताजी नव्हती पण जुनीही नव्हती. मला वाटलं पळावं. पण मी कळशी खाली ठेवली.

तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती दिस घातलीस?"

मी म्हटलं, "चार."

तिने आवाज चढवला नाही. तो शेंडा बाजूला ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "मला ठाव असतं तर पवळीला वाचवली असती. मला आत येऊ दिलं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "बैलाला उन्हात उभा करू नगंस. आत न्ये, आंधार कर. पोट मोकळं व्हाया पायजे. त्ये आधी कर, माजं मागनं बघू."

मी विचारलं, तू घरी सांगशील का. ती म्हणाली, "मी न्हाई सांगायची. माजं कोन ऐकतंय? तुजं तू सांग. पर बेगीनं सांग, बैलाला लई दिस न्हाईत."

तिने चार गोष्टी मला तीनतीनदा म्हणवून घेतल्या. अंधार, जवसाचं तेल, लाकडी कोळशाची पूड पाण्यात कालवून आणि भेगांना करंजाचं तेल. ती हे इतक्या शांतपणे सांगत होती की जणू तिच्यावर कुणी काही आळ घेतलाच नव्हता. तिला तेव्हा ठाऊक होतं की दुसऱ्या दिवशी देवळासमोर बैठक आहे आणि तिला भावाच्या गावाला पाठवायचं ठरत आलंय. हे मला नंतर कळलं.

मी घरी आले आणि कुणाला न विचारता डांग्याचं दावं सोडून त्याला आत आणलं. खिडकीच्या झरोक्याला गोणपाट लावलं. आई विचारत राहिली. मी फक्त म्हटलं की त्याला ऊन सोसत नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. मला वाटतं तिला त्याच वेळी काहीतरी कळलं. पण आया काही गोष्टी मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोरच्या पिंपळाखाली दहा-पंधरा माणसं जमली. भागूआत्या जरा लांब, जमिनीवर बसली होती. बायका कोपऱ्यात उभ्या होत्या, मी आईच्या मागे. पाटील बोलले, तात्या बोलले, आणखी दोघांनी आपापल्या जनावरांचं सांगितलं. आबा काहीच बोलत नव्हते. ते मितभाषी होते, आणि बैल त्यांचा असल्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघत होते. पाटलांनी भागूआत्याला विचारलं की तुझं काय म्हणणं आहे. ती उठून उभी राहिली, एकदा माझ्या दिशेने पाहिलं, आणि म्हणाली की माझं काही म्हणणं नाही. आणि खाली बसली.

मी आईला ढकलून पुढे गेले. एवढ्या पुरुषांसमोर बोलायची मला सवय नव्हती. माझा आवाज मलाच बारीक, कुणा दुसरीचा वाटला. मी म्हटलं, "आबा, काढ्यानं न्हाई झालं. मी घाणेरी घातली."

मग मी सगळं सांगितलं. पुस्तक, करंज, तळाला घाणेरी आणि वर गवत. मी आबांकडे न बघता त्यांच्या पायांकडे बघत सांगत होते. त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटलेला होता, तो सुतळीने बांधला होता, एवढंच मला आठवतं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पवळीला पन?"

"व्हय."

तात्या काहीतरी बोलायला लागले, तर आबांनी हात वर करून थांबवलं. मग ते उठले, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि उघड्या डोक्याने भागूआत्यासमोर जाऊन उभे राहिले. "भागूबाई, दोष आमच्या घरातला हाय. तुमाला दारातनं परत लावलं, ती चूक आमची. आता बैलाला हात लावा." असं म्हणाले. ती म्हणाली, "चला." बास. बैठक तिथेच मोडली. पाटील उठले, बाकीचे उठले, आणि ती पुढे, आबा मागे, त्यांच्या मागे अर्धं गाव असे आमच्या गोठ्यापर्यंत आले. तात्या सगळ्यांच्या मागे होते. घराशी आल्यावर ते आत न येता सायकल काढून पिंपरीच्या रस्त्याला लागले. आईला वाटलं रागाने गेले. दुपारी ते परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत कॅम्पातून आणलेलं जवसाचं तेल आणि विलायती मिठाची, म्हणजे जुलाबाच्या मिठाची, पुडी होती. ती त्यांनी भागूआत्याच्या हातात दिली.

तेल लागेल हे भागूआत्याने गोठ्याच्या वाटेवरच सांगितलं होतं, विलायती मीठ ही कल्पना गुरांच्या डॉक्टरांची होती. तात्यांना ते पिंपरीत सापडले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. तरुण होते, चष्मा होता, बोलणं पुण्याचं. त्यांनी डांग्याच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि कुणी काही सांगायच्या आत विचारलं की याने घाणेरी खाल्ली का. मग समजावून सांगितलं की या पाल्यातलं विष यकृतावर बसतं, कावीळ होते, आणि जिथे कातडी गोरी असते तिथे ऊन तिला जाळतं. सावली हेच अर्धं औषध. अंधार कुणी केला असं त्यांनी विचारलं तेव्हा आबांनी भागूआत्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी तिला नमस्कार केला. नुसता तोंडदेखला नव्हे, हात जोडून. तिची मान खाली गेली आणि ती कोळसा कुटायला लागली. माझा भाचा गुरांचा डॉक्टर आहे. त्याने मला त्या विषाचं शास्त्रातलं नाव सांगितलं होतं, मी ते लिहूनही घेतलं होतं आणि कागद हरवला. वाकडला आम्ही राहतो त्या सोसायटीच्या बागेत कुंपणाला बुटकी घाणेरी लावली आहे, शोभेची. माळी ती गोल कातरतो. मी सकाळी फिरताना तिच्याजवळून जाते तेव्हा मुलांना तिची हिरवी फळं खाऊ नका म्हणून सांगते. मुलं मला टणटणी आजी म्हणतात.

शिक्षा झाली नाही असं नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तो अबोला मला कुठल्याही मारापेक्षा जड गेला. तिसऱ्या दिवशी तिने पेज वाढताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली की पवळीसाठी मीही रडले गं. तात्यांचं म्हणणं पडलं की शाळा बंद करा, पोरीच्या डोक्यात पुस्तक गेलं की घरातलं काम जातं. आबांनी ते ऐकून घेतलं. मग मला बोलावून सांगितलं की बैल बरा होईपर्यंत तो तुझा. त्याचं खाणं, पाणी, औषध, शेण सगळं तू बघायचं. शाळेला जायचं नाही. पुस्तक गोठ्यात आण.

पुस्तक गोठ्यात आण हे शब्द मी नीट ऐकले आहेत का, याची मला खात्री नव्हती. मी तिथेच उभी राहिले. ते म्हणाले, आणि दिवा नको, दाराच्या फटीतून उजेड येतो तेवढ्यात वाच.

तसे तेवीस दिवस गेले. मास्तरांना आबांनीच जाऊन सांगितलं आणि मास्तर एक दिवसाआड येऊन ओट्यावर बसून माझा धडा घेऊ लागले. गोठ्याच्या दाराच्या फळ्यांमधून उजेडाची एक पट्टी आत यायची, ती सरकेल तशी मी सरकायची. मधेच डांग्याच्या तोंडाशी तांदळाची पेज नेऊन धरायची, तो चाटायचा नाही, मग बोटाने त्याच्या जिभेवर लावायची. भागूआत्या सकाळ-संध्याकाळ येई. ती कोळशाचं पाणी नळीने पाजायची आणि मी डांग्याची मान वर धरायची. हातांना सवय झाल्यावर तिने नळी मला दिली आणि मान तिने धरली. ती मला झाडांची नावं सांगायची. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्याची किरळ लागते, म्हणजे गुराला विष होतं, हे साऱ्यांना ठाऊक, पण कण्हेरीचं एक पान वैरणीत पडलं तर काय होतं, गुंजेचं बी फुटलं तर काय, कळलावीची मुळी कशी दिसते. मी इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेत असे. ती म्हणायची, लिव, माज्या संगं जायाला नको. एकदा तिने विचारलं की तिचं स्वतःचं नाव कसं लिहितात. मी लिहून दाखवलं. तिने बोट टेकवून एकेक अक्षर बघितलं आणि हसली. एवढंसं व्हय, म्हणाली.

अकराव्या दिवशी डांग्याने ओलं शेण टाकलं आणि घरात सण असल्यासारखा आनंद झाला, हे शहरातल्या माणसाला सांगून समजणार नाही. पाडव्याला आईने पुरण घातलं. आम्ही जेवत होतो. दारात गुढी होती, आंब्याच्या मोहोराचा वास येत होता, आणि तात्यांना कारखान्यात कायम होण्याचा शब्द मिळाला होता, ते त्याचंच सांगत होते. आईने एकदम हात वर केला. सगळे गप्प झाले. भिंतीपलीकडे दोन आवाज होते. एक हौश्याचा, सवयीचा. दुसरा अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होणारा. आईने पुरणपोळीचा एक तुकडा तोडला आणि माझ्या ताटात ठेवला. तात्या उठून भिंतीवरून डोकावले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून. खाली बसल्यावर म्हणाले, "भागूबाईला पुरण धाडा. मी नेतो."

त्यानंतर गावाने ओढ्याकाठची घाणेरी खणून काढली. एक दिवस सगळ्या घरांतून एकेक माणूस आला, भागूआत्या पुढे उभी राहून कुठलं मूळ खोल गेलंय ते दाखवत होती आणि पाटील स्वतः कुदळ चालवत होते. सगळी गेली नाही. घाणेरी अशी जात नाही. आता त्या ओढ्यावर स्लॅब आहे आणि वरून कंपन्यांच्या बसगाड्या जातात. माझी नात त्यांतल्याच एकीतून कामाला जाते.

परीक्षेचं केंद्र पौडला होतं. आबांनी डांग्या आणि हौश्याला पहिल्यांदा गाडीला जुंपलं. आदल्या दिवशी निघालो, वाटेत आईच्या मावशीकडे मुक्काम केला. डांग्याच्या नाकपुडीची सोललेली अर्धी बाजू नव्या कातडीने भरली होती, ती आता आणखीच गुलाबी दिसत होती, लहान मुलाच्या तळव्यासारखी. पाठीवरचे केस अजून विरळ होते. तो हळू चालला आणि आबांनी त्याला एकदाही आसूड दाखवला नाही. पहिला पेपर भाषेचा होता. निबंधाला माझं आवडतं जनावर असा विषय आला आणि मी लिहीत सुटले. शेवटी कागद कमी पडला. वेळेच्या थोडं आधीच मी बाहेर आले, कारण मला आबांना ते सांगायचं होतं.

शाळेच्या मागे चिंचेखाली गाडी सोडलेली होती. तिच्याभोवती सात-आठ परगावची माणसं उभी होती, आपापल्या पोरांना घेऊन आलेली. डांग्याचं नाक बघून कुणीतरी विचारलं असावं. आबांची पाठ माझ्याकडे होती. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते सगळं सांगत होते. चाकणचा बाजार, भिजलेला पेंढा, घाणेरी, पवळी. काही झाकून ठेवलं नाही. आमच्या पोरीनं घातली, असंच म्हणाले. मी जागीच थांबले. मग ते म्हणाले की गावापुढे उभी राहून तिनंच सांगितलं, न्हाईतर बैलही गेला असता आणि एका बाईचं गावही गेलं असतं.

त्यांतल्या एका म्हाताऱ्या माणसाने डांग्याच्या नाकावरून हात फिरवला आणि विचारलं, ती पोर कुठाय.

"आत हाय," आबा म्हणाले. "पेपर लिव्हतीया."